शांताबाईंचे चौदा खाडे

दिल्लीत कामगार कायदे शिकून मी गेवराईला परतले, तेव्हा वाटलं होतं, पहिलं भांडण ऊसतोडीच्या एखाद्या मुकादमाशी होईल. झालं ते घरातच, सख्ख्या भावाशी!

कोरोनाचे दिवस होते. दादा-वहिनी त्यांच्या तान्ह्या मुलाला, चिमूला, घेऊन हौसेने गोव्याला जाऊन आले आणि आमचं सगळं घर चौदा दिवस क्वारंटाईन झालं. चिमूला सांभाळणाऱ्या शांताबाईंना दादाने फोन केला. "चौदा दिवस येऊ नका. तेवढे खाडे धरून पगार कापतो."

फोन स्पीकरवर होता. त्या म्हणाल्या, "दादा, फिराया तुमी गेलते. मी तर आजबी यायला तयार हाय. मग खाडा माजा कावून?"

दादाने फोनच ठेवला. मला असा राग आला, सांगते! मी म्हणाले, "बरोबर बोलतात त्या. पगार द्यायलाच हवा."

"काम न करता?" वहिनी हसल्या. "आणि चिमूला बघायला तुम्ही आहातच की, ताई!"

म्हणजे शांताबाईंचा पगार माझ्या फुकटच्या राबण्यातून वाचवायचा होता!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिमूला दादाच्या मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, "शांताबाईंना पूर्ण पगार पोहोचेपर्यंत याची शी-शू तू काढायची."