थोडासाच फास्ट

अहो, थोडासाच फास्ट! पण फास्ट म्हणजे फास्ट ना! हेच तर मी सदर बाजारातल्या दुकानात घसा सुकेपर्यंत सांगत होते, आणि तो दुकानवाला भैया समोशाची चटणी चाटत म्हणतो कसा, "दीदी, फरक पता भी नहीं चलेगा. यही ले जाओ, अभी पैक कर देता हूँ." अभी! गुरुवार होता, लॅपटॉप समोर होता... पण नाही! मला त्याच्याहून जरासा वरचा प्रोसेसर हवा होता, आणि तो येणार शनिवारी!

तुम्हाला सांगते, ही हौस नव्हती. आमच्या पाऱ्यातलं, म्हणजे मोहल्ल्यातलं, तळं बुजवून पार्किंग करायचं घाटत होतं, रविवारी संध्याकाळी सभा, आणि तिथे दाखवायला मी तळ्याची फिल्म काढली होती. बदकं, धुणं आपटणाऱ्या बाया, उड्या मारणारी पोट्टी, सगळं टिपून झालेलं. फक्त जोडायचं बाकी. आणि घरचा जुना लॅपटॉप? फिल्म उघडली की पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो आणि मान टाकतो! बाबा म्हणाले, "क्षमा, काहून अडून राहिली? मिळते ते घे ना!" का घेऊ? देशातलं केवढं तारुण्य त्या गोल फिरणाऱ्या चकरीकडे बघत वाया जातंय, विचार केलाय कधी? थोडासाच फास्ट, पण फास्ट म्हणजे फास्ट!

शनिवारी डबा छातीशी धरून नाचत दारात आले, तर आई उंबरठ्यात आडवी. "शनिवारी लोखंड घरात आणून राहिली?"

"आई, प्लास्टिक आहे गं हे!"

"अन् आतले स्क्रू?"

आता बोला! मी दुकानातच फोन लावला. "भैया, सांगा हिला, यात लोखंड नाही!" तर तो विद्वान म्हणतो, "हव दीदी, अम्मा सही बोल रही हैं. शनिवार को तो हम भी नहीं खरीदते." अरे, मग विकतोस काहून!

शेवटी शेजारच्या वनमालाकाकूंनी लॅपटॉपला आसरा दिला. "आमच्याकडे चालते बाई, आम्ही थोडी विकत घेतला!" म्हणत डबा झोपाळ्यावर ठेवला. मी म्हटलं, मग इथेच बसून काम करते. "पूजेआधी? थांब, तुझ्या आईले, मंदाकिनीले विचारते!" आणि भिंतीपलीकडून आईचा आवाज, "क्षमे, माझी शपथ आहे तुले!" संपलं! तिकडे माझा प्रोसेसर, थोडासाच फास्ट, झोपाळ्यावर झोके घेतोय...

रविवारी उजाडल्याबरोबर डबा घरात आला. मी चाकूच घेऊन बसले होते. आईने कॅलेंडर पाहिलं. "अमावस्या आहे. उद्या नारळ फोडू."

म्हणजे गुरुवारी तो हळूवाला घेतला असता, तर शुक्रवारीच फिल्म तयार होती! होती की नाही?

सभेत पांढरी चादर ताणलेली, प्रोजेक्टर चालू, आणि चादरीवर काय? काहीच नाही! मग मीच शिरले त्या उजेडात. बदक झाले, क्वॅक क्वॅक केलं, सतरंजीवर धुणं आपटलं, टेबलावरून धपकन उडी मारली, आणि दम न घेता विचारलं, सांगा, या सगळ्यांनी काय पार्किंगमध्ये पोहायचं? लोक हसून हसून लोळले. पार्किंगचा सगळ्यात मोठा पुरस्कर्ता कोण, तर दोन गाड्यांचे मालक रामकृष्णजी! ते उठले, मला वाटलं आता भांडतात, तर हात जोडून म्हणाले, "राहू द्या बाप्पा ते तळं! नाही तर ही पोट्टी दर रविवारी येईन!" हात वर झाले, पार्किंग बारगळलं, तळं वाचलं! प्रोसेसरशिवाय!

सोमवारी नारळ फुटला, लॅपटॉपवर कुंकवाचं स्वस्तिक निघालं. पहिलं काय लावलं? आईची आरती. मग कीर्तन, मग लोणच्याची रेसिपी. आता तो देवघरासमोरून हलत नाही. काल तर आई मलाच ऐकवते, "थोडासाच फास्ट म्हणत होती ना तू? मले तर लय फरक वाटते बाई! जुन्यावर आरती किती अडकायची!"

आणि मी? मी बसलेय जुन्यासमोर. थांबा, चकरी फिरतेय...