मुलीच्या बाजूचा माणूस

माझं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, जयगडच्या खाडीला लागून, आणि बावा, म्हणजे माझे वडील, बोटीवर भंडारी होते, खलाशांचं जेवण करायचे, वर्षातून एकदा घरी यायचे आणि आले की आमा, माझी आई, म्हणायची आता तरी घरात स्वयंपाक करा, तर बावा म्हणायचे मी सुट्टीवर आहे. त्यांची ती सुटकेस बघून आणि ते उलट्यांचे किस्से ऐकून मी लहानपणीच ठरवलेलं की आपण समुद्रावर जायचं नाही, कोरड्या जमिनीवर, टेबलखुर्चीवर बसून काम करायचं. अल्लाने ऐकलं, पण अर्धंच. टेबलखुर्ची दिली ती दुबईत, देराच्या खाडीवर, लाकडी गलबतांच्या समोर, पंख्याखाली. एकतीस वर्षं झाली आता. तिथून सोमालियाला माल जातो, साखर, टायर, फ्रिज, गाद्या, आणि त्या मालाचे कागद मी करतो, तीन प्रती, पांढरी, गुलाबी, पिवळी. अर्धा सोमालिया माझ्या कागदांवरच्या गादीवर झोपतो असं म्हणा हवं तर. मी मात्र गलबताच्या फळीवर पाय ठेवला की अजून मळमळतं.

युसूफची ओळख कशी झाली ते सांगतो, कारण तुम्ही विचारणारच. धक्क्यावर पत्र्याची एक खोली आहे, तिथे पहाटेची नमाज व्हायची. आता तुम्हाला सांगायला हवं, आमच्यात मजहब, म्हणजे नमाजेच्या रीतीचे पंथ, असतात, आपल्याकडचे बहुतेक मुसलमान हनफी, पण आम्ही कोकणी शाफई. शाफई माणूस पहाटेच्या नमाजेत शेवटच्या वेळी वाकून उठला की हात वर करून दुआ मागतो, हनफी सरळ सजद्यात, म्हणजे कपाळ टेकायला खाली, जातो. त्या दिवशी नमाज पढवायला पुढे उभा होता तो पेशावरचा, हनफी, त्याच्यामागे पन्नास माणसं खाली गेली आणि मी आपला सवयीने हात वर करून उभा, म्हटलं आता सगळे म्हणणार हा कोण खुळा, म्हणून बाजूला बघितलं, नमाजेत बघू नये पण बघितलं, तर शेजारी एक उंचच उंच सोमाली, तोही हात वर करून उभा. पन्नास माणसं जमिनीवर आणि आम्ही दोघे खांबासारखे. सलाम फिरवून नमाज संपल्यावर तो म्हणाला शाफई? मी म्हटलं शाफई. तो म्हणाला हिंदी माणूस आणि शाफई, सुभानल्ला, चल चहा पी. तो चहा अजून चालू आहे बघा.

पण सोमाल्यांशी दोस्ती करायची तर कातडी जाड लागते. त्यांच्यात प्रत्येकाला टोपणनाव, आणि तेसुद्धा अंगात जे उणं असेल त्यावरून, अगदी तोंडावर. लंगड्याला लंगडा, बुटक्याला बुटका, कोणाला राग नाही, उलट नाव नाही ठेवलं तर माणूस परका. आता माझं डोकं. तिशीतच मैदान झालं होतं, आणि मी डाव्या कानावरचे केस वाढवून उजव्या कानापर्यंत आणायचो, घरात सगळ्यांना ठाऊक पण कोण बोलणार, बायको रुकय्या सभ्य, भावंडं सभ्य. या लोकांनी चौथ्या दिवशी नाव ठेवलं, बिदार, म्हणजे टकल्या. बस्स. धक्क्यावर, गलबतावर, कस्टमच्या रांगेत, ए बिदार, कागद झाले का बिदार. मी घरी येऊन रुकय्याला सांगितलं तर ती इतकी हसली की तिचा करंजीचा घाणा करपला. दुसऱ्या दिवशी मी केस कापून टाकले. काय सांगू तुम्हाला, पहिल्यांदा डोक्याला वारा लागला.

मग काय, रोजची थट्टा. युसूफ भाताबरोबर केळं खातो, मटणाच्या भाताबरोबर, कुस्करून, आणि मी म्हणायचो अरे हे माकडाचं जेवण आहे, तो म्हणायचा तुम्ही माशात नारळ घालता, नारळ झाडावर, मासा पाण्यात, त्यांची भेट कोणी घालून दिली. असं चालायचं. पण एक गोष्ट मी बघायचो आणि मनात सलाम करायचो. सोमालियातल्या बोसासो बंदरातून कोणाचा तरी फोन यायचा, युसूफ हूं, हूं, इन्शाल्ला एवढंच म्हणायचा, आणि अख्खं गलबत भरून माल निघायचा. ना ऑर्डर, ना सही. मी विचारायचो समोरचा फिरला तर? तो म्हणायचा कुठे फिरणार, त्याचा बाप कोण ते मला ठाऊक आहे. हे मी इतकी वर्षं ऐकत आलो, आणि शिकलो काय, तर शिक्का मारायला.

आता होदन. होदन म्हणजे युसूफच्या मोठ्या भावाची मुलगी. भाऊ वारला तेव्हा ती सहा वर्षांची, युसूफने तिला इकडे आणलं, आपल्या चार मुलांत पाचवी. ऊद मेथाच्या इंडियन शाळेत घातली, माझी सना त्याच वर्गात, त्यामुळे पोर हिंदी बोलते तुमच्या आमच्यासारखी, आणि आमच्या घरी आली की फ्रिज उघडून बघते. मला अबती म्हणते. अबती म्हणजे मामा. बापाकडचा काका युसूफ होताच, मामाची जागा रिकामी होती म्हणे, ती मला दिली.

तीन वर्षांपूर्वी तिला मागणी आली. मुलगा लिबान, सिलिकॉन ओएसिसला कॉम्प्युटरच्या कंपनीत, चांगला, नमाजी, तिलाही पसंत. त्यांच्यात रीत अशी की मुलाकडची वडील माणसं बैठकीला येतात, मुलीकडची वडीलधारी समोर बसतात, आणि मुलीच्या पालकाने स्वतः तोंड उघडायचं नसतं, त्याच्या वतीने दुसऱ्याने बोलायचं. तिकडून नऊ जण येणार होते, आणि युसूफची माणसं कोण कॅनडात, कोण नैरोबीत. तो मला म्हणाला बिदार, तू बसशील माझ्या बाजूला? मी म्हटलं अरे मी कोण. तो म्हणाला पंचवीस वर्षं माझा चहा पितोस आणि विचारतोस कोण.

संध्याकाळी होदन घरी आली, फ्रिज उघडला नाही, सरळ माझ्यासमोर बसली. म्हणाली अबती, नर्सिंगचे दो साल बाकी हैं, मुझे पूरा करना है, फिर जॉब करनी है, काका को बोला, वो हां हां बोले, पर उधर शरम से नहीं बोलेंगे, आप बोलना. तिच्या मावसबहिणीचं असंच झालं होतं, लग्नानंतर बघू म्हणत शिक्षण राहिलं ते राहिलंच. मी म्हटलं बोलतो. ती म्हणाली प्रॉमिस? मी म्हटलं प्रॉमिस. ती गेल्यावर रुकय्या म्हणाली तुम्ही बोलणार? भाजीवाल्याने सडका टोमॅटो दिला तर तुम्ही तो गुपचूप घरी आणता, नऊ सोमाल्यांसमोर तुम्ही बोलणार? खरंच होतं ते. मी जन्मात कोणासमोर उभा राहून काही मागितलेलं नाही. मला रात्रभर झोप नाही.

आणि मग मला सुचलं. सुचलं म्हणजे काय, माझी अक्कल. म्हटलं बोलून काय होतं, बोललेलं हवेत जातं, आपण कागद करू. टायपिंग सेंटरमध्ये गेलो, पंचवीस दिऱ्हम दिले, म्हणजे आपले सहाशेच्या आसपास, आणि इंग्रजी-अरबीत कागद करून घेतला. पार्टी वन, पार्टी टू, सदर मुलगी शिक्षण पूर्ण करील, त्यानंतर नोकरी करील, पार्टी टू हरकत घेणार नाही. खाली सह्यांना नऊ रेघा. तीन प्रती. कोणाला सांगितलं नाही, युसूफलाही नाही. मला वाटत होतं मी फार हुशारी केली.

शुक्रवारी असरनंतर, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजेनंतर, युसूफच्या घरी बैठक. तिकडून नऊ जण, काठ्या, अत्तर, सगळ्यांत मोठे हाजी वरसमे, मेंदीने लाल दाढी, नवऱ्या मुलाच्या आजोबांचे भाऊ. इकडून युसूफ, मी, आणि शेजारचा एक येमेनी म्हातारा, ज्याला नुसता आकडा वाढवायला बसवला होता, तो पाचव्या मिनिटाला झोपला. आतल्या दाराआड बायका. त्यांच्यातला एक उठला आणि मुलाच्या घराण्याची तारीफ केली, अहो काय बोलतात ही माणसं, म्हणी, कवनं, एखादं गाणं चालावं तसं, मला समजत नव्हतं तरी अंगावर काटा आला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी उभा राहिलो. अरबी सुरू केली, ती संपली, मग हिंदी, मग एक वाक्य चक्क मराठीत गेलं. म्हटलं ही मुलगी माझ्या मुलीबरोबर वाढली, हिला बाप नाही, मी बाप नाही, पण हिने माझ्याकडून कबूल करून घेतलंय म्हणून बोलतो, हिची दोन वर्षं राहिलीत, ती पुरी करू द्या, आणि नंतर काम करू द्या, बाकी आम्हाला काही नको. आणि बसलो. हाजी दाढीवरून हात फिरवत राहिले, मग बाजूच्यांशी दोन शब्द बोलले आणि अरबीत म्हणाले, मुलगी शिकेल, काम करील, ठरलं. दाराआड कोणीतरी सुस्कारा सोडला.

इथे थांबायला हवं होतं मी. पण मी खिशातून कागद काढले, उलगडले आणि पेन टोपण काढून हाजींच्या पुढे धरलं. म्हटलं इथे सही.

खोलीत जे झालं ते काय सांगू. चहाचा घोट घेणारा तसाच थांबला. युसूफने डोळे मिटले. नवांपैकी एक जण उठला, काठी घेतली, सोमालीत काहीतरी बोलला, मला शब्द कळले नाहीत पण काठी कळली. युसूफ हळू आवाजात हिंदीत म्हणाला, बिदार, तूने इनको मुंह पे झूठा बोल दिया. मला घाम फुटला. पोरीचं लग्न, शिक्षण, सगळं माझ्या तीन प्रतींनी मोडणार.

हाजी त्या उठलेल्याला म्हणाले थांब. कागद हातात घेतला, पूर्ण वाचला, सावकाश, आणि मला विचारलं तुझं नाव? म्हटलं अब्दुल गनी. कोणाचा? इब्राहिमचा. तो कोणाचा? दाऊदचा. तो कोणाचा? पणज्याचं नाव मला ठाऊक नाही. बावांना असणार, मी कधी विचारलं नाही. मान खाली घातली. मग हाजींनी डोळे मिटले आणि आपली नावं म्हणायला लागले, बाप, आजा, पणजा, त्याचा बाप, तसबीचे मणी ओढावेत तशी, मी बोटांवर मोजली, चोवीस झाली. डोळे उघडून म्हणाले, आता सांग, मी शब्द दिला तेव्हा हे सगळे इथे बसले होते, यातल्या कोणाच्या नावाखाली सही करू? मी म्हटलं हाजी, माझ्यामागे दोनच आहेत. ते म्हणाले दोन पुष्कळ झाले, शब्द मोडल्यावर मान खाली घालायला एक बापसुद्धा पुरतो.

मी कागद घेतले, घडी घातली, म्हटलं चुकलो, मला माफ करा, मी कागदाचा माणूस, मला दुसरं काही येत नाही, तुम्ही बोललात ते मला पुरे. तरी तो काठीवाला उभाच. तेव्हा युसूफ, आमचा युसूफ, अगदी गंभीर तोंड करून म्हणाला, याला माफ करा, याचा निकाहसुद्धा तीन प्रतींत झाला, गुलाबी बायकोकडे असते. आधी हाजी हसले. मग सगळे. दाराआडच्या बायका तर थांबेचनात, आणि त्या गोंधळात येमेनी म्हातारा जागा झाला आणि लग्न झालं समजून मुबारक मुबारक म्हणत मला मिठी मारायला लागला. काठीवाला बसला. फातिहा पढली, म्हणजे बोलणी पक्की झाली.

पण शब्दाची परीक्षा पुढेच होती. वर्षभरात होदनला मुलगा झाला, आणि सासू म्हणाली आता कॉलेज सोड, बाळ कोण बघणार. लिबान मधल्यामध्ये, आईला हो, बायकोला हो. होदनने मला फोन केला, रडत नव्हती, इंग्लिशमध्ये बोलत होती, म्हणजे रडण्याच्या बेतात. मी काय करणार, मी युसूफला फोन केला, युसूफने हाजींना. हाजी शारजाहून निघाले आणि सिलिकॉन ओएसिसला लिबानच्या घरी हॉलमध्ये जाऊन बसले. लिबानच्या आईने चहा ठेवला, ते म्हणाले पिणार नाही. जेवण ठेवलं, जेवणार नाही. भांडले नाहीत, ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले, मी बैठकीत बोललो होतो. जोहरपासून, म्हणजे भर दुपारपासून, असरपर्यंत ते बसून, समोर चहा गार. एवढा मोठा माणूस घरात उपाशी बसलाय म्हटल्यावर त्या बाईला कसं सहन होणार. शेवटी तिने बाळ स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि म्हणाली मी बघते, तुम्ही चहा घ्या. आणि बघितलं हो तिने, उरलेलं सबंध वर्ष, आपली गुडघेदुखी घेऊन. तिचंही कौतुक केलं पाहिजे. माझ्या कागदावर नऊ सह्या असत्या तरी यातलं काही झालं असतं का?

आता होदन कुसैसच्या एका दवाखान्यात नर्स आहे. हाजींचा पाय साखरेने बिघडलाय, दर मंगळवारी ड्रेसिंग, आणि ते दुसऱ्या कोणाला पायाला हात लावू देत नाहीत. युसूफ गाडी चालवतो, मी मागे बसतो, हाजी पुढे बसून दोघांनाही रस्ता चुकला म्हणून शिव्या घालतात. तिथे होदन त्यांना दटावते, खजूर किती खाल्ले, खरं सांगा, आणि चोवीस पिढ्यांचा हा माणूस शाळकरी पोरासारखा बोटं दाखवतो, दोन, आणि ती म्हणते अजून तीन लपवलेत. पट्टी बांधून झाली की ते तिच्या डोक्यावर हात ठेवतात आणि तिच्या बापासाठी दुआ मागतात, ज्याला त्यांनी कधी बघितलं नाही. आम्ही दोघे आमीन म्हणतो.

माझी पुढच्या वर्षी रिटायरमेंट. गावी जाईन, इन्शाल्ला, सना म्हणते पापा यू विल गेट बोअर्ड, होईनही. पण एकदा तरी मी कोणाच्या तरी बाजूने बसलो, घाबरत बसलो, चुकलो, तरी बसलो. अल्ला त्या पोरीला सुखी ठेवो, तिच्या हातून लोकांना आराम पडो. आमीन म्हणा तुम्हीपण. तुमच्यात चालत नसेल तर तथास्तु म्हणा, पोचतं ते.