तुम्ही दिलेली गोळी

नाही, नाही, बसा ना भाऊजी, फळं राहू द्या तिथेच. ह्यांना ऑपरेशनसाठी आत नेलं होतं, पण परत बाहेर आणलं – त्या पडद्यामागे झोपले आहेत, हळू बोला. काहून आणलं म्हणजे – त्यासाठीच तर तुम्हाला बोलावलं. तुमची हार्टची गोळी तुम्ही ह्यांनाही देत होता ना, तिचं नाव काय? पाकीट घरी राहिलं? मग घरी तुमच्या वैभवीला फोन लावा, म्हणावं वाचून दाखव. ह्यांनी आत गेल्यावर डॉक्टरांना सांगितलं, अशी एक गोळी घेऊन राहिलो, नाव माहीत नाही – आता ते कळेपर्यंत डॉक्टर हात लावत नाहीत. अन् रक्त तर चालूच आहे.

कुठलं रक्त म्हणजे – हे पहा, ह्यांना हार्टचं काहीच नाही. मूळव्याध आहे, आतली. दिवाळीपासून रक्त जातं, चेहरा पाहा कसा पांढरा पडला. आता कापत नाहीत म्हणे, मनगटातून बारीक नळी आत नेतात, कोंबांना रक्त पुरवणाऱ्या नसा आतूनच बंद करतात. मनगट म्हटल्यावर मलाच सुचलं – तुमची अँजिओग्राफी तिथूनच झाली होती. म्हणून आपल्या चेरीताल कॉलनीभर हार्ट सांगितलं. हार्ट म्हटलं की लोक अदबीनं बोलतात, भाऊजी. मूळव्याध म्हटलं की हसतात. बँकेतला पियूष उशी घेऊन बसायचा, तर तुम्ही किती हसलात – हे पण हसले होते.

नाही, तुमची चूक कशी? तुम्ही मायेनंच दिली. तुमच्यासमोर घ्यायला लावायचात, मग हे काय करतील? एकदा माझ्याकडे पाहिलं ह्यांनी, डोळ्यांनीच विचारलं, सांगून टाकू का? अन् मी – मी पाण्याचा ग्लास पुढे केला. ती रक्त पातळ करते, हे मला ठाऊक होतं, भाऊजी. तुम्हीच सांगितलं होतं. तरी दुसऱ्या दिवशीही केला. मघाशी डॉक्टरांनी विचारलं, घरात कोणालाच माहीत नव्हतं? तर मी मान हलवली. हे पाहत होते माझ्याकडे.

लागला फोन? द्या, मलाच द्या. हां वैभवी, सावकाश वाच. – अच्छा. अच्छा. ठेव.

येते सिस्टर, मीच आहे त्यांच्यासोबत. नाही, तुम्ही नका येऊ आत, भाऊजी, डॉक्टरांशी मी बोलते. तुम्ही घरी जा. कॉलनीत कोणी विचारलं तर – तर सांगा, जे आहे ते. जा.