उषाबाईचं जोडवं

…न्हाई पण तुम्हीच सांगा, पाय उषाबाईचा, काटा मोडला उषाबाईच्या बोटात, पू झाला उषाबाईला, अन् डॉक्टरच्या टेबलावर आडवं कोण? तिचा नवरा! काकासाहेब! अन् काकासाहेब तर धडधाकट!

झालं काय, तुम्हाला सांगतो, बाभळीच्या काट्यानं बोट टरारून सुजलं, त्यात बाईला शुगर, अन् चांदीचं जोडवं पार मांसात रुतलेलं. काकासाहेबांनी जीप पकडली अन् नेलं जाफराबादला, डॉक्टर आमेरकडं. घरातल्या समद्यांना ह्यांच्याच हातचं इंजेक्शन. त्यांनी बोट पाह्यलं, "भाभी, आधी जोडवं कापावं लागंल, मंग चिरा. जल्दी करू, न्हाई तर बोट जाईल."

"जाऊ द्या बोट! नवरा जिता असताना जोडवं कापू? ह्यांना काही झालं मंजी?"

नवरा समोर उभा, सकाळी पोटभर भाकरी हाणून आल्ता! "अगं, मला काय व्हायलंय? मी धडधाकट!"

पण आतून माणूस पार हबकलेला हो. तिच्या आईचा पाय असाच शुगरनं गेल्ता, ते काकासाहेबांनी दवाखान्यात बसून पाह्यलं होतं. शेवटी हात जोडले, "उषा, ऐक. तुझ्याबिगर मी काय करू?" एवढ्या संसारात पहिल्यांदा असं बोलले, ते बी कंपाउंडरसमोर!

बाई विरघळली. पण अट! "आधी ह्यांना झोपवा तिथं. दंडाला ते बीपीचं बांधा. मंग कापा."

मंग काय! पेशंट स्टुलावर, धडधाकट माणूस टेबलावर, कंपाउंडर पट्टा फुगवून राह्यला, डॉक्टरनं पक्कड लावली… कट्! जोडवं तुटलं. लगेच चिरा. "आई गंऽऽ!" बाई अशी किंचाळली का काकासाहेब टेबलावरच दचकले… अन् कंपाउंडर म्हणतो, "साब, ह्यांचा बीपी तर भलताच चढला!"

"पाह्यलं? पाह्यलं? कापल्याबराबर!"

डॉक्टर सांगून राह्यले, "भाभी, घाबरल्यानं चढतो, आत्ता उतरंल, बिलकुल काळजी न्हाई." उतरला बी. पण ऐकतं कोण?

बोट वाचलं. बरं झालं हो, लई बरं झालं. नवं जोडवं घालून उषाबाई ठणठणीत हिंडून राह्यली. अन् धडधाकट काकासाहेब? बसलेत बिनमिठाची भाजी चिवडत… अन् तक्रार करायची बी सोय न्हाई, बोललं का बीपी वाढतो म्हणं!