पॅन देवाला गाऱ्हाणं

माझी कविता ऐकायला नको म्हणणाऱ्याचं काय झालं, ते सांगते. आचऱ्यातल्या एका कविसंमेलनात मी म्हटलं, "'पॅनिक' हा शब्द पॅन या ग्रीक देवावरून आला. रानात एकट्यादुकट्याला घाबरवणारा देव. त्याच्यावर माझी कविता आहे."

अध्यक्ष प्राध्यापक हसले. "आजी, चौथी शिकलात ना? ओवी म्हणा."

माझं डोकंच फिरलं. देवळात घालतात तसं मी तिथेच गाऱ्हाणं घातलं, "बा पॅन देवा म्हाराजा, जो कोण माका अडाणी समाजता, तेका आज रानात गाठ रे म्हाराजा!"

सगळी सभा एका सुरात ओरडली, "व्हय म्हाराजा!"

निघताना प्राध्यापक हळूच जवळ आले. "आजी, मला धामापूरच्या रानातून जायचंय. ते गाऱ्हाणं मागे घेता येतं का हो?"

"येतं की. बसा. आधी कविता ऐका. बारा कडवी आहेत."