न बघता दिलेला दाखला

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, मंचावर बसलेले आपले डेपो मॅनेजर साहेब, मुख्य कार्यालयातून वेळ काढून आलेले पाहुणे, ज्यांच्या निवृत्तीच्या निरोपासाठी आपण सगळे ड्युट्या बदलून इथे जमलो ते आपले सर, सरांच्या सौभाग्यवती, आणि समोर बसलेले ड्रायव्हर, कंडक्टर, वर्कशॉपमधले काका, ऑफिसातल्या ताई, आणि चौथ्या रांगेतले माझे आईबाबा, सगळ्यांना माझा मनापासून नमस्कार.

मला बोलायला पाच मिनिटं दिली आहेत. सर माणशी चार मिनिटं द्यायचे. म्हणजे मी सरांच्या पुढे एक मिनिट गेले. हसा, हसा. सरही हसताहेत, बरं वाटलं.

सहाशे चाळीस माणसांच्या या डेपोत मानसतज्ज्ञ एकच. टायरच्या स्टोअरला लागून असलेली ती खोली आपल्या सर्वांना ठाऊक आहे. आत शिरलं की आधी रबराचा वास यायचा, मग सर दिसायचे. दोन खुर्च्या, एक टेबल, फक्त तीन नंबरवरच फिरणारा पंखा. त्या खोलीला आतून कडी नव्हती. माणूस डोळे पुसत असताना कुणीतरी टायर मागायला आत यायचं. सरांनी दोन वर्षं अर्ज करून ती कडी बसवून घेतली. हे श्रेय त्यांचं, आणि ते मी आधी देते, कारण पुढे बोलण्याच्या भरात राहून जायला नको.

माझ्यावर तर त्यांचे उपकारच आहेत. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. आम्हाला कुणाला कुठला फॉर्म कुठे भरायचा हेही कळत नव्हतं. बाबा इथेच ड्रायव्हर, ते सरांना भेटले, सरांनी आपल्या कपाटातली पुस्तकं काढून दिली, आणि शिकून झाल्यावर मला त्यांच्याच हाताखाली घेतलं. बाबा थांब्यावर चढणाऱ्या प्रत्येक माणसाला सांगायचे, ‘मुलगी मनाची डॉक्टर झाली.’ मी म्हणायची, ‘बाबा, डॉक्टर नाही हो.’ ते म्हणायचे, ‘असू दे गं, तिकिटावर कुठं छापायचंय.’

सरांच्या टेबलावर एक लाकडी पेटी होती. तिच्यात चार कप्पे आणि चार रंगांच्या छापील चिठ्ठ्या. झोप येत नसेल तर गुलाबी, राग अनावर होत असेल तर पिवळी, छातीत धडधडत असेल, भीती वाटत असेल तर निळी आणि मन उदास असेल तर पांढरी. चिठ्ठीवर सल्ला. झोपायची नि उठायची वेळ पाळा. दुपारनंतर चहा नको. अंथरुणात मोबाइल नको. रोज चाला. मनातलं जवळच्या माणसाशी बोला. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर पुन्हा भेटा. मी माझी सगळी पुस्तकं पुन्हा उघडून पाहिली आहेत. त्या चिठ्ठ्यांवरचं एकही वाक्य चुकीचं नाही.

आपल्यातल्याच एक कंडक्टर ताई, त्यांचा नवरा गेला तेव्हा तेराव्या दिवशी ड्युटीवर आल्या आणि सरांकडे पाठवल्या गेल्या. सरांनी पांढरी चिठ्ठी दिली. ताईंनी ती वाचली आणि म्हणाल्या, ‘सर, जवळचा माणूसच गेला हो.’ सर म्हणाले, ‘मग त्याच्या खालोखाल जवळचा बघा.’ ताई, तुम्ही सांगायची परवानगी दिलीत म्हणून सांगितलं. सर, आपल्याला हे आठवणार नाही. पुढचा माणूस दाराशी उभा होता.

आता फॉर्मची गोष्ट. दर सहा महिन्यांनी आपल्याला बारा प्रश्नांचा फॉर्म येतो. त्यातला सातवा प्रश्न, ‘गेल्या महिन्यात झोप नीट लागली का?’ तिथं ‘नाही’ लिहिलं की गुलाबी चिठ्ठी मिळते आणि तिची प्रत मॅनेजर साहेबांच्या टेबलावर जाते. त्या दिवसापासून तुमच्या हातात स्टेअरिंग नाही. सर ‘चालवण्यास योग्य’ असा दाखला देतील तेव्हाच ते परत. हा नियमही बरोबर आहे. झोप न झालेल्या माणसाच्या मागे पन्नास माणसं बसवू नयेत, हे मलाही पटतं.

पण नियम कळल्यावर आपण काय केलं? मी नवीन होते तेव्हा दाढीवाल्या ड्रायव्हर काकांनी मला कँटीनमध्ये समजावलं होतं. ‘पोरी, सातव्याला कायम हो लिहायचं. फारच वाटलं तर रागाच्या प्रश्नावर खूण करायची. पिवळीला कुणी हात लावत नाही. रागावलेला ड्रायव्हर चालतो यांना, जागा राहिलेला चालत नाही.’ गेल्या सहा वर्षांचे फॉर्म मी मोजले. कागदावर आपला डेपो एकदम निवांत घोरतो आणि उठला की सगळ्यांवर ओरडतो. सरांनी तीन वर्षांपूर्वी यावर मुख्य कार्यालयात निबंध वाचला होता, ‘चालकांमधील वाढता राग’. पाहुण्यांनी तो ऐकला असेल. सर, तो राग नव्हता. तो पिवळा कागद होता.

तुम्ही आता हसत नाही आहात. बरोबर आहे.

माझे बाबा सव्वीस वर्षं चाकावर होते. बस इतकी नेमकी उभी करायचे की सगळे त्यांना मोजपट्टी म्हणायचे. मागच्या वर्षाच्या आधीच्या वर्षी एक सायकलवाला त्यांच्या मागच्या चाकाखाली आला. चौकशी झाली, बाबांचा दोष नाही असं लिहून आलं आणि नवव्या दिवशी ते पुन्हा गाडीवर गेले. तेव्हापासून जेवायला बसले की टेबलाखाली त्यांचा उजवा पाय दाबला जातो. जोरात, टाच उचलून, ब्रेकवर दाबावा तसा. आई म्हणायची, ‘अहो, घर थांबलंय. सोडा आता पाय.’ ते सोडायचे. दोन घासांनी पुन्हा दाबायचे. झोप तर नव्हतीच.

मी सरांकडे लागून एक महिना झाला होता. फॉर्म आले. बाबा पेन घेऊन माझ्याजवळ आले आणि म्हणाले, ‘सातव्याला काय लिहू? पिवळीचं बघू का?’

मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, ‘बाबा, मी याचसाठी शिकले का? सगळे खोटं लिहितात म्हणून कुणाला मदत मिळत नाही. तुम्ही खरं लिहा, पुढचं सर बघतील.’

सव्वीस वर्षांच्या माणसानं एक महिन्याच्या पोरीचं ऐकलं. ‘नाही’ लिहिलं आणि खाली सही केली.

सरांनी चार मिनिटं दिली, गुलाबी चिठ्ठी दिली. बाबांना हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसवलं. छत्र्या, डबे, एकेकटे बूट. चौदा महिने झाले. मोजपट्टीचं नाव बदलून तुम्ही पाळणा ठेवलंत. ते आले की कुणीतरी मान डोलवून अंगाई म्हणायचं. नावं घेत नाही, तिसऱ्या रांगेत खाली बघताहेत त्यांना माहीत आहे. बाबाही हसायचे तुमच्याबरोबर. घरी आले की आईला सांगायचे, ‘आज पोरांनी मजा केली.’

चिठ्ठीवर लिहिलं होतं, फरक नाही पडला तर पुन्हा भेटा. बाबा पुन्हा भेटले. अकरा वेळा. आईनं त्या अकरा गुलाबी चिठ्ठ्या देवाच्या पुस्तकात ठेवल्या आहेत. त्यांनी दुपारचा चहा सोडला. चालायला लागले. मोबाइल तर त्यांना नीट येतच नाही. आणि अकरा वेळांत एकदाही सरांनी विचारलं नाही, की झोप का येत नाही.

मी बाहेरच्या टेबलावर बसून रजिस्टरमध्ये वेळ लिहीत होते. आत चार मिनिटं, की पुढचा माणूस. मला त्या सायकलवाल्याबद्दल माहीत होतं, पायाबद्दल माहीत होतं. मीही आत जाऊन सांगितलं नाही. सर मोठे आहेत, त्यांना न सांगता कळत असेल, असं मला वाटायचं. सर, आपल्याला मी जे म्हणते आहे ते मलाही लागू आहे.

सूत्रसंचालक ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे, ‘आवरा’. पांढरी आहे. आवरते ताई, पण अर्ध्यात नाही.

आज सकाळी अकरा वाजता सरांनी मला आत बोलावलं. म्हणाले, ‘जाता जाता तुझ्या वडिलांचं काम करून टाकलं. नवीन माणूस येईपर्यंत खोली तुझ्याकडे, आणि तुला घरच्या माणसाच्या दाखल्यावर सही करता येणार नाही. आज राहिलं असतं तर राहिलंच.’ आणि हा कागद माझ्या हातात दिला. ‘चालवण्यास योग्य.’ खाली सही, शिक्का, आजची तारीख. मी म्हणाले, ‘सर, आपण बाबांना बघितलंत कधी?’ सर म्हणाले, ‘अगं, तुझे वडील आहेत, बघायचं काय त्यात?’

मी काही बोलायच्या आत बातमी कँटीनमध्ये पोचली होती. साहेबांनी ठरवून टाकलं की बाहेर फुलं लावून उभी असलेली बस बाबाच चालवतील आणि सरांना सहकुटुंब घरी सोडतील. मला सांगितलं, हा कागद भाषणाच्या शेवटी साहेबांच्या हातात दे, टाळ्या होतील. बाबा घरी जाऊन गणवेश घालून आले. चौदा महिन्यांनी. आईनं पट्ट्याला एक भोक नव्यानं पाडलं, इतके ते उतरले आहेत. मी दोनदा सरांकडे गेले. सर म्हणाले, ‘आज कामाचं नको, आज माझा दिवस आहे.’ मी साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, ‘शुभ बोल.’

बाबा, तुमची परवानगी मी घेतलेली नाही. मागितली असती तर तुम्ही दिली नसती, म्हणूनच मागितली नाही. हे माझ्या शिक्षणाच्या विरुद्ध आहे, हे मला समजतं. पण अर्ध्या तासानं ती बस सुटणार आहे.

मंचावरून चौथी रांग स्वच्छ दिसते. मी बोलायला उभी राहिल्यापासून तुमच्या उजव्या पायाचा बूट पुढच्या खुर्चीच्या दांड्यावर दाबलेला आहे. टाच उचललेली आहे. आईचा हात तुमच्या गुडघ्यावर आहे आणि तरी पाय सुटलेला नाही.

म्हणून हा दाखला मी साहेबांना देणार नाही. सर, आपला कागद आपल्यापुढे ठेवते. आपण माझ्या बाबांचं चाक न बघता काढून घेतलंत आणि आज न बघता परत दिलंत. पहिल्यानं त्यांचं वाटोळं झालं. दुसऱ्यानं आणखी कुणाचं तरी होईल, आणि ते बाबांना सहन होणार नाही. आपण प्रेमानं दिलात हे मला माहीत आहे.

मंगळवारी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात बाबांसाठी एका मानसतज्ज्ञ बाईंची वेळ घेतली आहे. त्या माणशी एक तास देतात. मी बाहेर थांबेन. चाक परत मिळेलच असं मी कुणाला सांगू शकत नाही. कदाचित कधीच मिळणार नाही. आणि उद्यापासून खोलीत माझ्यासमोर येणाऱ्यांना आत्ताच सांगते, सातव्या प्रश्नाला ‘नाही’ लिहिलंत तर तुमचंही स्टेअरिंग जाईल. ते मी वाचवू शकत नाही. ती पेटी मात्र मी रिकामी करणार आहे, आणि ‘का’ हे विचारल्याशिवाय कुणाला उठू देणार नाही.

दाढीवाले काका, तुम्ही बाबांच्या शेजारीच आहात. बसची चावी त्यांच्या वरच्या खिशात आहे. बाबा, काकांना द्या. उठायची गरज नाही. ... उजव्या नाही, डाव्या खिशात. ... दिली. काका, आज गाडी तुम्ही न्या, आणि सरांना दारापर्यंत सोडा. मागच्या सीटवर सामान आहे, वळणावर जपून.

सर, आपल्याला पुढच्या आयुष्यात उत्तम आरोग्य लाभो. अध्यक्षांनी मला मध्येच थांबवलं नाही, त्यांचे आभार. खुर्च्या लावणाऱ्या, माइक सांभाळणाऱ्या सगळ्यांचे आभार. बोलताना कमीजास्त झालं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, आणि ते दुखावलंच आहे, तर सभागृहानं ते मोठ्या मनानं पोटात घालावं.

बाबा, तुम्ही मात्र घालू नका. घरी गेल्यावर मला जे बोलायचं ते सगळं बोला. चार मिनिटांत संपवू नका.