पायगुण आणि लुकलुकते दिवे

"सून उनी तवपासून बठ्ठा दिवा लुकलुक करी ऱ्हायनात," सासूबाई शेजारणीला सांगत होत्या. आत मी, नुकतीच घरात आलेली सून, चहा गाळत होते.

खरं सांगू, मला छतातले ते सगळे दिवे तसेच लुकलुकताना आवडायचे. दुपारी दिवे लावून पडल्या पडल्या बघत राहिलं, की जळगावच्या त्या हॉलमध्ये धुळ्याच्या आमच्या गच्चीवरचं चांदण्यांचं आभाळ उतरायचं. पण प्रश्न माझ्या पायगुणाचा होता.

वायरमन आला. त्याने एक दिवा छतातून खाली ओढला, त्याची जुनी डबी काढून नवी जोडली. लुकलुक थांबली.

"अक्का, दिवा चांगला शे. हाई जुनी डबी म्हणजे ड्रायव्हर, तो खराब शे," तो सासूबाईंना म्हणाला.

एसटी चालवणारे आमचे हे स्टूल धरून उभे होते. लग्नानंतर पहिल्यांदाच माझा आवाज चढला.

"ऐकलंत ना अक्का? दिवाही चांगला, सूनही चांगली. ड्रायव्हर तेवढा बदलायचा."